ओतूरकरांचा सायलेन्सर

रविवार, ९ नोव्हेंबर. आजचं काम: इमारतीच्या पाण्याच्या टाक्या धुऊन घेणे.

टाक्या गच्चीवर आणि पाण्याची मोटर खाली पार्किंगमध्ये. वरून ‘बंद’ अशी आरोळी आली की खाली कोणीतरी बटण बंद करायचं, ‘चालू’ आली की चालू करायचं. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत ‘कोणीतरी’ म्हणजे मी. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. ज्या सभेला मला जाता आलं नाही, त्या सभेत माझी एकमताने निवड झाली.

तर एक खुर्ची आणि सोलायला मटार घेऊन मी खाली उतरले, आणि बघते तर ओतूरकर आधीच हजर. म्हणजे त्यांचे पाय हजर. बाकीचे ओतूरकर मोटरसायकलच्या मागे सतरंजीवर आडवे पडलेले, आणि उजवा कान सायलेन्सरच्या तोंडाला लावलेला. गाडी बंद होती.

“काय ऐकताय?” मी विचारलं.

“निवतोय. टिक टिक करतोय बघा. आखडतो ना धातू. निवताना खरं बोलतो तो. गरम असताना काय, कोणीही बडबडतं.”

मी मटार सोलायला घेतले. ओतूरकरांना दुसरा प्रश्न विचारला की दुपार होते, हा माझा अनुभव आहे.

ओतूरकर माझ्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात, दुसऱ्या मजल्यावर; दारं समोरासमोर आणि स्वयंपाकघरांची भिंत एकच. खडकीच्या कारखान्यात तपासणी विभागात होते, तिथूनच निवृत्त झाले. माल ठोकायचा आणि आवाजावरून पास की नापास ते सांगायचं, असं त्यांच्या नोकरीचं वर्णन ते करतात. दारूगोळ्याच्या कारखान्यात नेमकं काय ठोकून बघत असतील, हे मी विचारलेलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांची तपासणी नारायण पेठेत सुरू झाली. नारळ ठोकतात, कलिंगड ठोकतात, हे आपण सगळेच करतो. ओतूरकर गॅसचा सिलिंडर ठोकतात, जिन्याचा कठडा ठोकतात, नवी फरशी बसवली की घर बघायला येतात आणि गुडघ्यावर बसून फरशी न् फरशी ठोकतात. वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले तेव्हा ‘या, या’ म्हणत त्यांनी त्या माणसाच्या पाठीवर थाप मारली आणि नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, “सेक्रेटरीबाई, छातीत कफ आहे.”

ते मला सेक्रेटरीबाईच म्हणतात. माझं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही, शंका आहे.

आवाजाबद्दल त्यांची स्वतंत्र भाषा आहे. समोरच्या गिरणीचा पट्टा नाकात बोलतो. आमच्या पाण्याच्या मोटरचं पोट साफ नाही. माझ्या मिक्सरला कोणीतरी कधीतरी घाबरवलेलं आहे. आणि आवाज कसलाही असो, निकाल ठरलेला: “आवाजाला पोट पाहिजे हो. नुसत्या गळ्याचा काय कामाचा!” स्वतः ओतूरकरांचा आवाज मात्र अगदी बारीक. फोनवर लोक त्यांना ‘बोला मॅडम’ म्हणतात. ते दुरुस्त करत नाहीत. ‘तसा प्रश्न नाहीये,’ असं म्हणून पुढे बोलू लागतात. हे त्यांचं आवडतं वाक्य. कुठल्याही प्रश्नावर चालतं.

त्यांची जुनी मोटरसायकल नोकरीच्या काळातली. ती गल्लीच्या तोंडाशी आली की आमच्या इमारतीतल्या मांडण्यांवरची ताटं एकमेकांशी बोलू लागत. एवढी वर्षं ऐकून तो आवाज आम्हाला ऐकू येईनासा झाला होता. या उन्हाळ्यात ती गाडी बसली. नाना पेठेतल्या त्यांच्या मेकॅनिकने तिच्याकडे एकदा बघितलं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तसं ओतूरकरांना दुकानाबाहेर नेलं. मग नवी गाडी घ्यावी लागली.

नवी गाडी हार घालून आली. मी पेढा घ्यायला खाली गेले होते. ओतूरकरांनी बटण दाबलं आणि वाट बघत उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, “सेक्रेटरीबाई, ही चालू आहे का हो?”

“चालू आहे. दिवा लागलाय की.”

त्यांनी खाली वाकून सायलेन्सरला कान लावला. उभे राहिले तेव्हा चेहरा असा, की मी हातातला पेढा तसाच ठेवला. “मुकी आहे हो,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून आजच्या रविवारपर्यंत ओतूरकरांनी दुसरं काही केलेलं नाही.

कंपनीच्या सायलेन्सरच्या पोटात म्हणे आडव्या भिंती असतात. आवाज त्यांच्यावर आपटत आपटत बाहेर पडतो आणि तोवर दमतो. हे मला ओतूरकरांनी जिन्यात सांगितलं, हातात मासिकाची गुंडाळी घेऊन, तिच्यात बोटं घालून दाखवत. कंपनीचा मूळ सायलेन्सर त्यांनी काढून कापडात गुंडाळून ठेवला आणि नाना पेठेतून तसलाच जुना आणला. त्याचं पोट कापायचं, भिंती कमी-जास्त करायच्या, भोकं पाडायची, पुन्हा वेल्डिंग करून आणायचं. एवढाच उद्योग.

पहिल्या प्रयोगात त्यांनी सगळ्या भिंती काढल्या. गाडी चालू झाली तेव्हा कोणीतरी नवी सतरंजी टराटरा फाडतंय असं वाटलं. गल्लीतली कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत गेली. ओतूरकर म्हणाले, “गळा मोकळा झाला, पण पोट गेलं.” मग काचेची लोकर भरली. तर गाडी बँकेतल्या माणसासारखी बोलू लागली, सगळं खासगीत. मग कोणीतरी सुचवलं म्हणून भांडी घासायच्या तारेच्या घासण्या भरल्या. त्या आत तापून तुटल्या आणि दिवाळीत ओतूरकर नदीपात्रातल्या रस्त्याने ठिणग्या उडवत गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एकदा माझ्या दारात येऊन म्हणाले, “चहाची गाळणी आहे का एखादी? जुनी चालेल. स्टीलची हवी.”

मला वाटलं चहा करतायत. दिली. दुसऱ्या दिवशी सिग्नलला माझी रिक्षा त्यांच्या गाडीशेजारी उभी राहिली. पलीकडे कॉलेजातला एक मुलगा होता, त्याच्या स्वतःच्या गाडीचा आवाज असा की माझा रिक्षावाला त्याला मनातल्या मनात आई-बहिणीवरून बोलत असावा. तो मुलगा ओतूरकरांना म्हणाला, “काका, कुठला एक्झॉस्ट टाकलाय? भारी बेस आहे!”

“चहाची गाळणी,” ओतूरकर म्हणाले.

“कुठे मिळतो?”

“शेजारी.”

आता एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. त्या मुलासारख्यांना आवाज लागतो तो रस्त्यावर. ओतूरकरांना रस्त्यावर त्याची लाज वाटायची. सिग्नलला गाडी बंद करून टाकायचे. वाहत्या रस्त्यावर तर अशी हळू चालवायचे की सायकली पुढे जात. त्यांना आवाज हवा होता तो फक्त गल्लीच्या तोंडापासून आमच्या पार्किंगपर्यंत.

“पण तो ऐकू कुठे जायला हवाय तुम्हाला?” मी एकदा विचारलं.

“वर.”

“वर म्हणजे कुठे?”

“वरच हो. तसा प्रश्न नाहीये.”

भानगड झाली ती तळमजल्यावर. पाटणकरांची मुलगी बाळंतपणाला आली आणि बाळ घरी आलं. ओतूरकर सकाळी एकदा बाहेर जाऊन येतात आणि संध्याकाळी एकदा. बाळ नेमकं दोन्ही वेळेला झोपलेलं. पाटणकर आधी खाकरले, मग बोलले, मग त्यांनी जिन्यातच सभा घेतली.

“आपल्या शहरात पोलीस असले सायलेन्सर जप्त करतात आणि रस्त्यावर मांडून त्याच्यावरून रोलर फिरवतात,” पाटणकर म्हणाले. रोलर हा शब्द त्यांनी सावकाश, चव घेत उच्चारला.

“मला थोडी मुदत द्या,” ओतूरकर म्हणाले. “आवाज वर जाईल, पण तुमच्या खिडकीत शिरणार नाही, असं करून देतो.”

“वर काय लिफ्टने जाणार आहे का?”

“आपल्याकडे लिफ्ट नाहीये.”

“म्हणूनच विचारतोय.”

शेवटी ठरलं ते असं. रविवारी दुपारी बाळ झोपलेलं असताना ओतूरकरांनी गाडी आत आणायची. बाळ उठलं नाही तर सायलेन्सर राहील. उठलं तर कंपनीचा मूळ सायलेन्सर त्याच संध्याकाळी गाडीवर चढेल, नाहीतर सोमवारी सेक्रेटरीने चौकीत तक्रार द्यायची. मी म्हटलं, देईन. नियम म्हणजे नियम, आणि रात्रभर जागलेली बाळंतीण मी रोज बघत होते.

तो रविवार आजचा. म्हणून ओतूरकर सकाळपासून सतरंजीवर.

इथे अक्कांबद्दल सांगायला हवं. ओतूरकरांचं लग्न झालेलं नाही. त्यांच्या थोरल्या बहिणीचंही झालं नव्हतं. तीच अक्का. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, आणि निवृत्त झाल्यावर एकट्या ओतूरकरांना शिकवायची. दोघं आयुष्यभर एका घरात राहिली. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचा तो अक्कांचाच आवाज. गाडीचं तेल लागलेला हात टॉवेलला का पुसला. कोथिंबीर आणायला सांगितली तर मेथी का आणली. पन्नाशी उलटली तरी बनियन उलटा का. ओतूरकरांकडून उत्तर म्हणून काही यायचं नाही. मागच्या वर्षी अक्का थोड्याशा आजाराने गेल्या, तेव्हा भेटायला आलेले पाटणकर जिना उतरताना मला म्हणाले, “सुटले हो बिचारे!” इमारतीचं साधारण हेच मत होतं. ओतूरकरही कधी गळ्यात हुंदका आणून बोलले नाहीत. उलट अजून तक्रारच करत. “आमच्या अक्काला मोटरसायकल मुळीच पसंत नव्हती. फटफट म्हणायची तिला. चार माणसांत!”

दुपारी टाक्यावाले डबा खायला बसले आणि पाटणकर बाहेर आले. “झोपलंय. मी पाळण्याशेजारी बसतो. या तुम्ही तुमची तोफ घेऊन.”

ओतूरकरांनी सायलेन्सरच्या टोकाला वर वळवलेला एक तुकडा बसवला होता. गाळणी आत होतीच. त्यांनी हात पुसले, टॉवेल नव्हता म्हणून पँटला, आणि माझ्याकडे आले.

“सेक्रेटरीबाई, एक काम करता का? वर कोणीतरी ऐकायला हवं.”

“मी माझ्या घरात जाऊन बसते.”

“तसा प्रश्न नाहीये. माझ्या घरात. स्वयंपाकघरात ओट्याजवळ खुर्ची आहे, तिच्यात बसायचं. खिडकी बंद ठेवा. ऐकू आलं की गॅलरीत येऊन हात करा. मी गल्लीच्या टोकापासून निघतो.” त्यांनी किल्ली दिली. “आणि खोटं सांगू नका. नापास तर नापास.”

“मी कशाला खोटं सांगू? मला काय मिळणार आहे?”

“म्हणूनच तुम्हाला सांगितलं,” ओतूरकर म्हणाले आणि मुकाट्याने गाडी ढकलत गल्लीच्या टोकाकडे निघाले.

अक्का गेल्यानंतर मी त्या घरात आत अशी गेलेच नव्हते. दारातून डबा द्यायचा, दारातून घ्यायचा. एकट्या पुरुषाचं घर म्हणून मी पसाऱ्याची तयारी ठेवली होती. पसारा नव्हता. मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक भांडं. बाकीची सगळी भांडी वरच्या फळीवर पालथी, त्यांच्यावर वर्तमानपत्र. ओट्याजवळ एक बुटकी लाकडी खुर्ची होती, तिच्यावर जुन्या साडीची उशी. खुर्चीचं तोंड ओट्याकडे नव्हतं. बाहेरच्या दाराकडे होतं. तिथून स्वयंपाकघराच्या चौकटीतून सरळ दार दिसत होतं, कडी आणि साखळीसकट.

सांगितलं होतं म्हणून मी बसले. खिडकी लावली. घरात काही हलत नव्हतं. भिंतीपलीकडे माझं घर, तेही रिकामं. मुलगी हैदराबादला नोकरी करते. मला शांततेचा त्रास होत नाही, पण ही जरा जास्त होती.

मग आवाज आला.

मला आवाजातलं कळत नाही. पण हा गल्लीच्या तोंडाशी असतानाच कळला. खालून, गोल, सावकाश. बाहेरून आलेला माणूस जिन्याखाली उभा राहून घसा साफ करतो, तसा. ताटं हलली नाहीत. गाडी जवळ आली तसा मोठा झाला नाही, नुसता जवळ आला. पार्किंगमध्ये थांबला.

गॅलरीत जायचं तर आतल्या खोलीतून जावं लागतं, आणि तिथे कपडे वाळत घातलेला स्टँड आडवा होता. मी म्हटलं, कशाला ते ओलांडत बसायचं, नाहीतरी वर येतीलच. सरळ जाऊन बाहेरचं दार उघडलं आणि उभी राहिले.

ओतूरकर जिना चढत होते. मान खाली, एक हात खिशात, किल्ली शोधत. किल्ली माझ्याकडे दिलेली विसरले होते. शेवटच्या वळणावर त्यांनी वर बघितलं आणि तिथेच थांबले. एक पाय वरच्या पायरीवर, एक खाली.

“ऐकू आला,” मी म्हटलं. “स्वच्छ. गल्लीच्या तोंडापासून.”

ते उघड्या दाराकडे बघत होते. माझ्याकडे नव्हे.

“गॅलरीतून हात करायचं ठरलं होतं,” ते म्हणाले.

“कपड्यांचा स्टँड आडवा आहे तुमचा.”

“हो. तो काढायला हवा.”

तेवढ्यात खालून पाटणकर दबक्या आवाजात ओरडले. हे पाटणकरांनाच जमतं. “ओतूरकर! उठलं नाही हो! नुसती कूस बदलली! पास!”

ओतूरकरांनी ते ऐकलंही नसावं. “या की आत,” मी म्हटलं, “तुमचंच घर आहे.” तेव्हा आले आणि दाराशी चपला काढायच्या स्टुलावर बसले. चपला काढल्या नाहीत.

“अक्का मला कधी बेल वाजवू द्यायची नाही,” ते म्हणाले. “गाडी गल्लीत शिरली की उठायची. गुडघे धरलेले तिचे, वेळ लागायचा. पण मी वर पोहोचेपर्यंत दार उघडं. आणि दारातच सुरुवात. ‘उगवलात? आणखी थोडं थांबला असतात, रात्रीचं जेवूनच आला असतात.’ चपला काढेपर्यंत बोलायची. मी मुद्दाम सावकाश काढायचो.”

मी दाराला टेकून उभी राहिले.

“आमची बेल कशी वाजते ते मला ठाऊकच नव्हतं, सेक्रेटरीबाई. ती गेल्यावर गॅसवाला आला तेव्हा पहिल्यांदा ऐकली. आवाज बेकार आहे.”

मी म्हटलं, “जुनी गाडी तर त्यानंतरही होती की.”

“होती ना. म्हणून चालून जायचं. गाडीचा आवाज झाला की वाटायचं, गेलं असेल वर ऐकू. उठली असेल. जिना चढेपर्यंत बरं वाटायचं. दारापाशी आलो की मग काय, किल्ली काढायची. पण जिन्याचं तेवढं व्हायचं. ही मुकी आली आणि तेही गेलं. मला आपलं वाटलं, सायलेन्सरमध्ये दोष आहे.”

सांत्वन वगैरे मला जमत नाही. पाठीवरून हात फिरवणाऱ्या बायका वेगळ्या. मी विचारलं, “मग आता जमला का आवाज?”

“जमला. तोच नाही अगदी. पण सख्खा भाऊ म्हणावा इतका जवळचा आहे.”

“मग झालं तर. पाटणकरही पास म्हणतायत. राहू दे गाडीवर.”

ओतूरकर उठले. आत जाऊन त्यांनी ती बुटकी खुर्ची बघितली, मी उठताना जरा सरकली होती ती पुन्हा पहिल्यासारखी केली. “माल पास आहे,” ते म्हणाले. “घ्यायला कोणी नाही. तुम्ही काय रोज येऊन बसणार आहात?”

यावर मी काही बोलायच्या आत गच्चीवरून आरोळी आली, “ताई, मोटर चालू!” आणि मला खाली जावं लागलं.

संध्याकाळी टाक्यावाल्यांना निरोप देऊन मी परत येत होते तर ओतूरकर पुन्हा गाडीमागे. पण आता सतरंजी नव्हती. बसून, पान्याने, सावकाश, तो सायलेन्सर उतरवत होते. शेजारी कापडातून काढलेला कंपनीचा मूळ सायलेन्सर, नवा कोरा. पाटणकर बाळाला खांद्यावर घेऊन उभे होते आणि अतिशय अस्वस्थ होते. भांडून हरलेला माणूस त्यांना कळतो. जिंकून माघार घेणारा त्यांनी पाहिला नसावा.

“अहो, मी पास केलंय! हे बघा, अजून पेंगतंय! राहू द्या की!”

“तसा प्रश्न नाहीये,” ओतूरकर म्हणाले.

“मग कसा आहे प्रश्न?” पाटणकरांनी मला विचारलं. “यांना झालंय काय?”

“तुम्ही मान धरा बाळाची,” मी म्हटलं, “लटकतेय.”

कंपनीचा सायलेन्सर चढला. उतरवलेला ओतूरकरांनी पोत्यात घालून जिन्याखालच्या अडगळीत ठेवला आणि तसेच बाहेर गेले. कधी परत आले ते मला कळलं नाही. मी भाजी फोडणीला टाकत होते. समोरच्या कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज तेवढा आला. एकदा अर्धी फिरली, अडली, पुन्हा फिरली. दार लागलं. मग काहीच नाही. मी गॅस बारीक करून थोडा वेळ उभी राहिले. भिंतीपलीकडे भांडंसुद्धा वाजलं नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी आमचा दूधवाला आला. मी त्याला म्हटलं, “आजपासून नको.”

“का ताई? नासलं का काल?”

“दूध चांगलं आहे तुमचं.”

“मग काय चुकलं?”

“काही चुकलं नाही. नको एवढंच.”

तो तोंड पाडून जिना उतरला. मी किटली घेतली आणि समोरचं दार हातानेच वाजवलं. ओतूरकर हेल्मेट घालून बाहेर निघालेले. ते दूध खडकीहून आणतात, नोकरीत असताना लागलेल्या गवळ्याकडून, रोज सकाळी. अख्ख्या पुण्यात दुसरं दूध त्यांना पास होत नाही.

“माझंही आणायचं,” मी किटली पुढे केली. “म्हशीचं.”

“तुमचा दूधवाला येतो ना?”

“बंद केला.”

“आजच्या दिवस?”

“कायमचा. मला सकाळी चहा लागतो, आणि दूध येईपर्यंत आधण ठेवता येणार नाही. तेव्हा वाटेत गप्पा मारत उभं राहायचं नाही.”

ओतूरकरांनी किटली घेतली. ती कुठल्या हातात धरावी ते त्यांना कळेना. “म्हणजे तुम्ही ताटकळत बसणार?”

“दारात बसणार. तुमची गाडी आता ऐकू येत नाही, मग बघतच बसायला हवं. आणि उशीर झाला तर ऐकून घ्यावं लागेल, आधीच सांगून ठेवते. अक्का तशा मवाळ होत्या.”

हेल्मेटच्या आत काय चाललं होतं ते मला दिसलं नाही. काहीतरी म्हणाले, तेही कळलं नाही. मग जिना उतरून गेले, जरा घाईने, किटलीचं झाकण वाजवत.

गाडी कधी चालू झाली, कधी गल्लीबाहेर पडली, काही ऐकू आलं नाही. मी दार सताड उघडलं, खुर्ची उंबऱ्याशी ओढली आणि पेपर घेऊन जिन्याकडे तोंड करून बसले.